गल्लीगल्लीत माळी हायत, मला कोण बोलावणार?

“मॅडम, जुळे सोलापुरात एकदा फिरून बघा की ओ. नर्सरीवाले हायत, जुने माळी हायत, आता तर मशीन घेऊन फिरणारी पोरंबी हायत. त्यात मी कुठं घुसू?”

समोर बसलेला तरुण तिशीचा होता (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). टॉवेलच्या कारखान्यातल्या पाळ्या कमी झाल्यावर त्याने दोन वर्षं एका नर्सरीत काम केलं. हिरवळ लावणं, कापणं, खत देणं, सगळं हाताखालून गेलेलं. बायको विड्या वळते. गाठीला चाळीस हजार रुपये. लॉनच्या देखभालीचा स्वतःचा धंदा करायचा, हे पक्कं ठरलेलं. तरी तीन महिने मशीनच्या दुकानात जाऊन नुसता भाव विचारून परत येत होता. रात्री झोप नाही.

धंदा बदलतो, वाक्य तेच असतं. मेस, शिकवणी, झेरॉक्सचं दुकान, काहीही काढायचं म्हणून माझ्याकडे सल्ल्याला येणारे बहुतेकजण “आधीच एवढे आहेत” इथूनच सुरुवात करतात.

पहिल्या भेटीत माझा सल्ला चुकला, तो आधी सांगते. “थोड्या कमी दरात सुरू करा, ओळख झाली की वाढवा,” असं मी म्हणाले. त्याने ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं मशीन, भाड्याने घेतला आणि एका कापणीचे दोनशे रुपये लावले. महिन्याभरात सहा घरं मिळाली. एक विजापूर रोडला, एक होटगी रोडला, एक पार अशोक चौकाकडे. निम्मे पैसे पेट्रोलात गेले. त्यात स्वस्तात बोलावणारे लोक गवत गुडघ्याला लागल्यावरच फोन करायचे. गवताची उंची एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नये, हे त्याला ठाऊक होतं. पण दोन महिन्यांनी बोलावणाऱ्याला ते कोण सांगणार? एकदम खाली कापलं की पिवळे खुंट उरतात. मग मालकीणबाई म्हणणार, माळ्याने लॉन जाळलं.

दुसऱ्या भेटीत मी त्याला काम मागायला पाठवलंच नाही. एक वही दिली. घराजवळच्या फक्त पाच गल्ल्या, दोन संध्याकाळी. किती घरांत हिरवळ आहे, कोण कापतं, आणि कुणी बोललंच तर तक्रार काय, एवढं लिहून आणायचं.

बासष्ट घरं, त्यात एकोणीस ठिकाणी लॉन. अकरा घरांत माळी येत होता. दर जास्त आहे, असं एकानेही म्हटलं नव्हतं. “येतो म्हणतो आणि येत नाही,” हे सात जणांनी सांगितलं. बाकीच्यांची तक्रार लव्हाळ्याची. तो वरून उपटला तरी जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो, आणि खुरपं घेऊन गाठी काढायला कुणाला वेळ नसतो. नर्सरीवाला हिरवळ अंथरून जातो, मशीनवाली पोरं कापून जातात. ठरलेल्या वारी येणारं कुणीच नव्हतं.

वही मिटून तो गप्प बसला. मग म्हणाला, “तरी बेल वाजवायला हात जात नाही.”

खरी गाठ इथे होती. सासुरवाडीत त्याने “गार्डनिंगचा बिझनेस” करतो असं सांगून ठेवलं होतं. दुसऱ्याच्या अंगणात उकिडवं बसून गवत काढताना मेव्हण्याने पाहिलं तर? गर्दीचं भय सांगायला सोपं असतं, त्यात लाज दिसत नाही. लाज जाईल असं मी म्हणाले नाही. ती असू द्या, पण दर सांगताना मध्ये आणू नका, एवढंच बोलले. मग मी मालकीण झाले आणि तो दारात उभा राहिला. “महिन्याचे आठशे,” म्हणाला, आणि मी नुसती पाहत राहिले तर चपलेकडे बघत स्वतःच म्हणाला, “सातशे पन्नास चालतील.” पाच वेळा हेच. दर सांगून तोंड बंद ठेवणं हे त्याला गवत कापण्यापेक्षा अवघड गेलं. सहाव्यांदा जमलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

मुद्रा योजनेत शिशु गटाचं पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं, ते घेऊ का, असं त्याने विचारलं. आधी दहा घरांचं काम पक्कं करा, मग बघू, असं मी म्हणाले.

पाण्याचा मुद्दा मात्र त्याचा त्यानेच काढला. सोलापुरात तेव्हा उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, आणि पाचशे चौरस फूट हिरवळीला रोज पाच मिलिमीटर द्यायचं म्हटलं तरी सव्वादोनशे लिटर लागतं. एका काकूंना त्याने सरळ सांगितलं, “निम्मं लॉन काढा, तिथं कण्हेर आणि बोगनवेल लावू, उरलेलं मी नीट ठेवतो.” मला वाटलं, हा स्वतःच्या पोटावर पाय देतोय. काकूंनी शेजारच्या दोन घरांत त्याचं नाव सांगितलं.

करार त्याने वर्षाचा ठेवला, दरमहा सारखी रक्कम. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कापावं लागतं, मे महिन्यात जवळजवळ काहीच नाही; सुटी कापणी घेतली असती तर उन्हाळ्यात घर चाललं नसतं.

आज चौदा घरं आहेत, सगळी चालत जाण्याच्या टप्प्यात. मशीन स्वतःचं. शिवाय एक मंगल कार्यालय मिळालंय. लग्नसराईत मंडपाच्या खांबांनी आणि खुर्च्यांनी तिथल्या लॉनचे हाल होतात, म्हणून दुरुस्ती चातुर्मासात: खड्ड्यांत तांबडी माती आणि शेणखत, जागोजागी नवी हिरवळ. काम चोख झालं. पैसे तुळशीच्या लग्नानंतर, असं मालक म्हणतात, आणि ह्याला मागायचा संकोच वाटतो. गुरुवारची आमची भेट त्यासाठीच आहे.