दात्याचे शुक्राणू आणि गरोदरपणातला रक्तदाब

प्रश्न : माझे वय ३६ आहे. पतीच्या वीर्यात शुक्राणूच नसल्याचे तपासणीत आढळल्यावर आम्ही दोघांनी विचार करून दात्याच्या शुक्राणूंचा मार्ग स्वीकारला आणि दुसऱ्या आययूआयला (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराला) मला दिवस राहिले. सध्या अकरावा आठवडा सुरू आहे. ही गोष्ट आम्हा दोघांशिवाय घरात कोणालाही ठाऊक नाही. माझ्या जन्माच्या वेळी आईचा रक्तदाब फार वाढला होता आणि मी आठव्या महिन्यातच जन्मले. अशा गर्भधारणेत रक्तदाबाचा धोका अधिक असतो, असे आता वाचनात आले; उपचारांच्या वेळी मात्र हे कोणी सांगितले नव्हते. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, गोंदियाला व्हावे अशी आईची इच्छा आहे. तेथील डॉक्टरांना दात्याविषयी सांगणे आवश्यक आहे काय? आमच्या निर्णयामुळेच बाळ धोक्यात आले, असे सारखे वाटत राहते.
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुम्ही वाचलेले खरे आहे; मात्र त्याचे माप समजून घ्यायला हवे. गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील प्लेटलेट यांवर परिणाम दिसणे, याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. साधारणपणे १०० गरोदर स्त्रियांपैकी २ ते ८ जणींना तो होतो. दात्याच्या शुक्राणूंपासून राहिलेल्या गर्भधारणांचे अभ्यास एकत्र करून पाहिले असता हा धोका सुमारे दीडपट ते पावणेदोनपट आढळला आहे. म्हणजे जेथे शंभरातील चौघींना हा त्रास झाला असता, तेथे सहा-सात जणींना होईल. उरलेल्या नव्वदहून अधिक जणींना होणार नाही.

हे का घडते, याचे उत्तर वारेत (प्लॅसेंटात) आहे. गर्भाची आणि वारेची निम्मी घडण पित्याकडून आलेली असल्याने आईच्या प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने ती परकी असते. तरीही ती प्रतिकारशक्ती वारेला सामावून घेते, गर्भाशयातील बारीक रक्तवाहिन्या रुंद होऊ देते, आणि मग बाळाला पुरेसा रक्तपुरवठा होतो. एकाच पुरुषाच्या वीर्याशी दीर्घकाळ संपर्क आला की ही ओळख आधीच होते, असे मानले जाते. दात्याच्या बाबतीत ती होत नाही, शिवाय आययूआयसाठी वीर्य धुऊन केवळ शुक्राणू वापरले जातात. दात्याचे स्त्रीबीज वापरले असता धोका याहूनही अधिक वाढतो, हेही या विचाराशी जुळते. आणखी एक गोष्ट तुमच्या मनातल्या अपराधभावासाठी मुद्दाम सांगते. पतीच्याच वृषणातून शस्त्रक्रियेने शुक्राणू काढून केलेल्या उपचारांतही हा धोका वाढलेला आढळला आहे, कारण तेथेही पूर्वीची ओळख नसते. तेव्हा वीर्यात शुक्राणू नसलेल्या जोडप्याने दाता टाळला असता तरी हा प्रश्न टळला असता, असे नाही.

मला तुमच्या पत्रात अधिक महत्त्वाचे वाटले ते आईविषयीचे वाक्य. आईला हा त्रास झालेला असणे, पहिली खेप आणि पस्तिशीपुढचे वय, या तीन गोष्टी दाता बाजूला ठेवला तरी धोक्याच्या यादीत येतात. अशा स्त्रियांना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली जाते, आणि ती शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू करणे उत्तम मानले जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अधिक धोका असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली गेली, तेव्हा मुदतीपूर्वी प्रसूती करावी लागेल असा प्री-एक्लॅम्प्सिया निम्म्याहूनही कमी झाला. तुम्ही अकराव्या आठवड्यात आहात, म्हणजे वेळ हातात आहे. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. गोळी स्वतःच्या मनाने मात्र सुरू करू नका. अल्सर, दमा किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असल्यास त्यांना आधी सांगा. कॅल्शियमच्या गोळ्याही चुकवू नका. घरातील वडीलधारी मीठ तोडायला सांगतील, पण मीठ तोडल्याने हा आजार टळत नाही.

डॉक्टरांना दात्याविषयी सांगावे काय? होय, नागपुरातही आणि गोंदियातही. आपल्याकडे गरोदर बाईची फाईल नणंदेपासून मावशीपर्यंत चार जणी चाळतात, म्हणून ही माहिती कागदावर न लिहिण्याची विनंती तुम्ही करू शकता. एकट्याने भेटून तोंडी सांगितली तरी चालेल. रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

माहेरी जाण्याला माझा विरोध नाही, पण जेथे प्रसूती होणार तेथे रात्रीही सिझेरियन, रक्त आणि नवजात शिशूंसाठी अतिदक्षता कक्ष मिळेल, याची खात्री सातव्या महिन्यापूर्वी करून घ्या. दंडावर बांधायचे रक्तदाबाचे यंत्र घ्या. पाच मिनिटे शांत बसून माप घ्या आणि वहीत लिहा. १४०/९० दोनदा आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, १६०/११० आले तर थेट रुग्णालय गाठा. नागपूरच्या उन्हाळ्यात पाय सुजणे नेहमीचेच. चेहरा आणि हात अचानक सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे हे मात्र नेहमीचे नाही. हा त्रास प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांतही उद्भवू शकतो, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतही ते यंत्र असू द्या.

प्रश्न : मला पतीपासून एक मुलगी आहे आणि त्या वेळी रक्तदाबाचा त्रास नव्हता. आता पतीच्या आजारपणामुळे दुसऱ्या वेळी दात्याचे शुक्राणू वापरावे लागतील. तरीही धोका आहे काय?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : पहिले गरोदरपण निर्विघ्न पार पडले, ही चांगलीच बाब आहे. पण त्यातून मिळणारे संरक्षण काही प्रमाणात त्याच पित्याशी बांधलेले असल्याचे निरीक्षण आहे, म्हणून नव्या गर्भधारणेत रक्तदाब पहिल्या खेपेइतक्याच काटेकोरपणे पाहावा. मुलगी आणि हे बाळ यांत दहा वर्षांहून अधिक अंतर पडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण असे अंतर हेही धोक्याचे एक कारण मानले जाते.