लहान मुलांचा स्क्रीनचा वेळ : सुरुवात कशी करावी

तुमचे मूल तीन वर्षांचे असेल, तर मोबाइल-टीव्ही मर्यादेत पाहण्याची सवय लावण्यासाठी अजिबात उशीर झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ ते ४ वर्षे वयाच्या मुलांचा एका जागी बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला १ तासापेक्षा जास्त नसावा, आणि तो जितका कमी तितके उत्तम. तरीही पहिल्याच दिवशी घड्याळ लावून बसू नका. आधी एवढे करा :

– जेवताना आणि झोपण्यापूर्वीच्या तासाभरात घरातील सर्वांचेच मोबाइल बाजूला ठेवा. मोठ्यांना सूट दिली, तर हा नियम आठवडाभरही टिकत नाही.
– व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा आणि काय पाहायचे ते आधीच ठरवा.
– शक्य तेव्हा शेजारी बसून पाहा व त्याविषयी बोला.

नवे पालक सर्वांत जास्त चुकतात ते रडणे थांबवण्यासाठी मोबाइल हातात देण्यात, कारण त्यामुळे राग किंवा कंटाळा स्वतःहून सावरण्याची संधीच मुलाला मिळत नाही आणि रडले की मोबाइल मिळतो हे मात्र ते लवकर शिकते. तो बक्षीस म्हणूनही देऊ नका. स्क्रीन बंद करण्यापूर्वी पाच मिनिटे पूर्वसूचना द्या आणि पुढे काय करायचे आहे तेही सांगा. सुरुवातीला मूल चिडेल. तेव्हा शांत राहा, पण ठरलेली वेळ वाढवू नका. मुलांच्या मोबाइल वापरावर नियंत्रण ठेवणारी अ‍ॅप्स वगैरे विषय सध्या बाजूला ठेवा.