आधी नाव नीट लिहा

माजी सैनिक, वीरनारी आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न या सदरात घेतो. मी मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर काही वर्षे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा कल्याण संघटक म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वाड्यावाड्यांतून फिरलो. या वेळी आलेल्या पत्रांतली सहा निवडली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत दरवर्षी 26 जानेवारीला गावातल्या माजी सैनिकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. पहिल्या वर्षी अकरा जण आले होते, यंदा तिघेच आले. बोलावणे सगळ्यांना जाते. आमचे काय चुकते? – एक शिक्षिका, देवगड तालुका

बाई, तुम्ही हा प्रश्न विचारलात यातच निम्मे काम झाले. न आलेले आठ जण रागावलेले नाहीत. त्यांतले बरेचसे सत्तरीच्या पुढचे असणार. पाखाडीच्या पायऱ्या उतरून सकाळी साडेसातला यायचे, पुढाऱ्यांची भाषणे संपेपर्यंत उन्हात बसायचे, आणि शेवटी घाईघाईत पुकारलेल्या नावावर उठून उभे राहायचे. तेही नाव अनेकदा चुकलेले असते. हवालदाराला शिपाई म्हटले जाते, हुद्दा गाळला जातो, पलटणीचे नाव तर कुणी घेतच नाही. आमचा माणूस घरचा फोन नंबर विसरेल, पण आर्मी नंबर झोपेतही सांगेल. म्हणून पुढच्या वर्षी आधी घरोघरी जाऊन प्रत्येकाचा हुद्दा, पलटण आणि सेवेची वर्षे त्याच्याच तोंडून लिहून घ्या.

एक घर सांगतो. तुमच्याच बाजूला नायक हुद्द्याच्या एका माजी सैनिकाच्या घरी गेलो होतो. त्यांच्या पत्नीने पत्र्याची ट्रंक उघडली. वर सात शाली, घडीसुद्धा न मोडलेल्या, डांबरगोळ्यांच्या वासाच्या. त्यांच्याखाली दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक. त्यात पत्नीचे नाव भलतेच होते. आजोबा म्हणाले, "शाल नको रे झिला. माज्या बायलेचा नाव तेवढा नीट करून दी." सात वेळा सत्कार झाला, आणि सातही वेळा त्या माणसाला काय हवे आहे हे कुणी विचारले नव्हते. त्या दिवसापासून मी कुणाच्या घरी गेलो की आधी कागद बघायला मागतो.

तुमच्या मुलांसाठी सुचवतो ते असे. पाच-पाच मुलांचे गट करा आणि त्यांना वही घेऊन आजोबांच्या पडवीत पाठवा. काय खायचात, दोस्त कोण होता, घरचे पत्र किती दिवसांनी पोहोचायचे, तुम्ही तिकडे असताना इथली लावणी कुणी केली, असे विचारायला सांगा. शेवटचा प्रश्न आजीला विचारायचा, कारण उत्तर तिच्याकडे असते. "तुम्ही किती जणांना मारलंत?" हे मात्र मुलांना आधीच बजावून ठेवा, विचारायचे नाही. आजोबा मध्येच गप्प झाले तर गप्प राहू द्या.

दिवसही 26 जानेवारीच हवा असे नाही. 14 जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस आहे. फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली याच तारखेला निवृत्त झाले. आणि माझे मत विचाराल तर कोकणात खरी वेळ गणपतीची. चाकरमानी घरी असतात, मुलगा-सून-नातवंडे जमलेली असतात. आजोबांनी काय केले ते त्यांच्याच नातवासमोर सांगितले जाते, आणि हे हाराने होत नाही.

प्रश्न : वडील 1979 ला सैन्यातून निवृत्त झाले, आता 84 वर्षांचे आहेत. पेन्शनच्या कागदावर आईचे माहेरचे नाव आहे, आधारवर सासरचे. बँकेतले गृहस्थ म्हणतात, "नंतर बघू." थांबावे का? – एक वाचक, चिपळूण

अजिबात थांबू नका. "नंतर" याचा अर्थ वडील गेल्यावर. तेव्हा ती दुरुस्ती करण्यासाठी सही करणारा माणूस उरलेला नसतो, आणि आईला दुःखाच्या दिवसांत स्वतःची ओळख सिद्ध करत फिरावे लागते.

ही चूक कोकणात घरोघरी आहे आणि तिचे कारण साधे आहे. लग्नात मुलीचे नाव बदलायचे. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे, आणि जवानाने पलटणीत क्लार्कला सांगितले ते तिसरे. तो बिचारा घाईत बायकोला घरी जे म्हणायचा तेच सांगून मोकळा व्हायचा.

वडिलांचे डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा मूळ आदेश, हे दोन्ही बाहेर काढा. आईचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन आणि दोघांचा एकत्र फोटो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून प्रकरण वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, जाते. मराठा लाईट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, आणि नौदलातल्या खलाशांचे मुंबईत मानखुर्दला. बँकेला ही दुरुस्ती करता येत नाही, म्हणून तिथे हेलपाटे घालू नका. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

जाता जाता हयातीच्या दाखल्याचेही बघा. कोयती आणि कुदळ चालवून बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही आणि म्हातारा माणूस स्वतःलाच दोष देत परत येतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराने वर्षातून एक सकाळ वाडीतल्या सगळ्या पेन्शनरांसाठी दिली तर तिला मी कुठल्याही सत्कारापेक्षा वरची जागा देईन.

प्रश्न : आमच्या जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. या गावातून किती माणसे 1914-1919 च्या महायुद्धात गेली आणि त्यांतली किती मेली, एवढेच तिच्यावर इंग्रजीत आहे. शाळा पाडून नवी बांधायची आहे. ठेकेदार म्हणतो, पाटी निघताना फुटणार. नावे कुठे मिळतील? – एक तरुण, राजापूर तालुका

आधी पाटी वाचवा, नावांचे नंतर बघू. ग्रामसभेत तोंडी बोलून थांबू नका, ठराव लिहून घ्या की पाटी काढून नव्या इमारतीच्या दर्शनी भागात बसवायची. ठेकेदाराच्या माणसाला तिच्यावर घण घालू देऊ नका. जांभ्याचे काम जाणणारा जुना गवंडी बोलवा. भोवतीचे चिरे एकेक करून सोडवले तर पाटी अखंड निघते. अक्षरे पुसट असतील तर ऑइलपेंट फासू नका. सकाळचे तिरपे ऊन असताना फोटो काढा, सगळे वाचता येईल.

अशा पाट्या महाराष्ट्रात अनेक गावांत आहेत, आणि बहुतेकांवर आकडेच आहेत. त्या काळी आपल्याकडची किती पोरे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेली होती! 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी तिथल्या कुत-अल-अमारा या गावी तुर्की फौजेच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, अन्न संपेपर्यंत. नंतर कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत हजारो हिंदी शिपाई मेले. त्या आघाडीवरच्या मृतांसाठी बसरा इथे स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या शिपायाचेही नाव कोरले, पण हिंदी पलटणींच्या फक्त अधिकाऱ्यांची नावे आली. बाकीच्यांचा आकडा घातला. ही वागणूक असमान होती असे 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन' या आयोगाने 2021 मध्ये मान्य करून माफी मागितली. त्या शिपायांच्या नातवंडांतले किती जण ती ऐकायला उरले होते?

पण नोंदवह्यांत नावे आहेत. या आयोगाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात, आणि पुष्कळ ठिकाणी वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हाही दिलेला आहे. शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 ला झाला, महायुद्धाच्या काळी त्यातला बराचसा भाग रत्नागिरीतच होता. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा, आणि सावंतवाडी वेगळे संस्थान. दुसरे म्हणजे स्पेलिंग. गावाचे नाव पाच-सहा तऱ्हांनी लिहून बघावे लागते. धीर धरा. सापडलेले नाव घेऊन गावातल्या त्या आडनावाच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. "आमचो एक चुलत आजो लढाईर गेलो तो परत इलोच नाय" असे कुणीतरी हमखास सांगेल.

नवी पाटी करायची झाली तर जुनीच्या खाली मराठीत, फक्त नावे. जातवार किंवा वाडीवार नको. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले होते. महारांची भरती बंद झाली तेव्हा, 1890 च्या दशकात, त्यांनी सरकारसाठी अर्ज लिहिला होता की पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्यांना दार बंद का? आपल्या भागाच्या सैनिकी इतिहासात ही जखमही आहे. पाटीवर ती पुन्हा उघडू नये.

आणि एकदा रायगडातल्या माणगावला उतरा. नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा तिथे आहे. पळसगावचा हा तरुण 10 जुलै 1944 रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटा धावून गेला, ती बंद पाडली आणि तिथेच पडला. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, देह मिळाला नाही. इटलीत कसिनोच्या स्मारकावर त्याचे नाव आहे. नाव कोरलेले असले की काय होते ते पुतळ्यापाशी उभे राहिल्यावर कळते.

प्रश्न : आजोबा 1971 मध्ये नौदलाच्या जहाजावर इंजिन रूममध्ये होते. "मी बंदूक उचलली नाही, माझा सत्कार नको," म्हणतात. त्यांना कसे समजवावे? – नात, गुहागर (सध्या ठाणे)

समजावू नका. त्यांना 9 डिसेंबरला फोन करा.

4 डिसेंबर हा नौदल दिन सर्वांना ठाऊक असतो, कराचीवरच्या हल्ल्याचा. त्यानंतर पाचव्या दिवशी, 9 डिसेंबर 1971 च्या रात्री, दीवच्या समुद्रात 'खुकरी' ही आपली युद्धनौका पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. अशा वेळी खाली इंजिनापाशी असलेल्या माणसाला वर यायला सर्वांत कमी वेळ मिळतो. तुमच्या आजोबांनी त्या महिन्यात प्रत्येक पाळी हे माहीत असून केली. घामात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, बाहेर दिवस आहे की रात्र ते न कळता. बंदूक उचलली नाही हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण बंदूक असलेले जहाज त्यांनी चालते ठेवले.

त्यांच्या पेटीत पदके असतील तर बघा. पश्चिम आघाडीवरच्यांना 'पश्चिमी स्टार' मिळाला. पदकाच्या कडेवर नाव आणि नंबर कोरलेला असतो. भिंग घेऊन तो त्यांनाच वाचायला लावा. पुढचे ते आपणहून बोलतील, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझे काका काही वर्षे सैन्यात नोकरी करून परतले, पेन्शन नाही. वय 71. काही मदत मिळते का? – एक वाचक, वेंगुर्ले

पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरच्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या गरजू माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत असते. ती चार हजार होती, नोव्हेंबर 2025 पासून आठ हजार झाली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. आधी तिथून माजी सैनिकाचे ओळखपत्र काढून घ्या, त्याशिवाय पुढे काही हलत नाही. घरपट्टीच्या माफीचेही तिथेच विचारा.

प्रश्न : माझ्या सासूबाई वीरपत्नी आहेत. 15 ऑगस्टला त्यांना पहिल्या रांगेत बसवतात, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाडीत कुणी बोलवत नाही. वडील माणसे म्हणतात, रीत आहे. मी नवी सून, काय बोलू? – एक वाचक, लांजा

ताई, या पत्राला उत्तर लिहिताना मी बराच वेळ थांबलो.

ज्या बाईचा नवरा देशासाठी गेला तिला त्याच कारणाने वाडीने दाराबाहेर ठेवायचे, आणि वर्षातून एकदा खुर्ची द्यायची, हे मला मान्य नाही. तिने तरुण वयात मुले वाढवली, भात लावले, सासू-सासऱ्यांचे केले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. तुमच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला सांगा. गावातले माजी सैनिक एकत्र उभे राहिले तर तो पडणार नाही. ही जबाबदारी मी आम्हा फौजी मंडळींवर टाकतो, नव्या सुनेवर नाही.

तुम्ही एकच करा. यंदा हळदीकुंकू तुमच्याच घरी ठेवा, आणि आलेल्या बायकांना वाण सासूबाईंच्या हातून द्या. त्याआधी त्यांना मात्र विचारा. इतकी वर्षे बाहेर राहिलेल्या माणसाला एकदम मध्यभागी बसवले तर धडकी भरते. माझ्या ओळखीच्या एका वीरनारीने पहिल्या वर्षी आतूनच तिळगूळ वाढले. दुसऱ्या वर्षी ती उंबऱ्यापाशी आली. तिसऱ्या वर्षी पाहुण्या यायच्या आधीच ती ओटीवर पाट मांडून बसली होती.