पालेभाजीवर केमिकल बुरशीनाशकाऐवजी झाडपाल्याचं काही चालतं का?

तुम्ही म्हणताय पालक आणि लेट्यूसच्या पानांवर पिवळे डाग येतायत, पानं कच्चीही खाता म्हणून केमिकल मारायचं नाही, तर कडुनिंब-लसूण वगैरेनी भागेल का. भागतं, पण कुठल्या रोगाला ते आधी बघा. मी दोन सीझन न बघताच प्रत्येक डागावर कडुनिंबाचं तेल मारत बसलो होतो.

पान उलटं करून बघा. वरून पिवळे डाग आणि बरोब्बर त्याच्याच खाली राखाडी किंवा जांभळट (लेट्यूसवर पांढरट) लव दिसली तर तो केवडा रोग (डाऊनी मिल्ड्यू). वरच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं असेल आणि बोटाने पुसलं जात असेल तर भुरी. फरक एवढ्यासाठी की केवडा करणारा जीव खरी बुरशी नाहीच, तो तपकिरी शेवाळाच्या जवळचा, त्यामुळे भुरीवरची बरीचशी केमिकल औषधंसुद्धा त्याला लागू पडत नाहीत, तिथे आपल्या लसणाचं काय घेऊन बसलात. तुमच्या वर्णनावरून मला तरी केवडाच वाटतोय.

भुरी असेल तर कडुनिंबाचं तेल खरंच काम करतं. 1 लिटर कोमट पाण्याला 5 मिली तेल आणि 1-2 मिली लिक्विड सोप, आधी तेल आणि सोप एकत्र घोटायचं मग पाणी थोडं थोडं, नाहीतर तेल वर तरंगतं आणि फवारा मारताना एका पानावर नुसतं पाणी आणि दुसऱ्यावर नुसतं तेल. संध्याकाळी मारायचं, कडक उन्हात पान भाजतं. कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं, आणि पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे. आठवड्याने परत. पाऊस झाला तर धुऊन जातं, मग परत मारा, कारण हे पानाच्या आत शिरून काम करणारं औषध नाही, वरून बसणारा थर आहे. म्हणून रोग पसरल्यावर फार काही होत नाही, पहिले दोन-चार डाग दिसले की सुरू करायचं.

लसणाचं एक बघा, लोक उकळून काढा करतात तिथेच घोळ होतो. लसणातलं बुरशीला मारणारं अ‍ॅलिसिन पाकळी ठेचल्यावर तयार होतं आणि ते तयार करणारं एन्झाइम उष्णतेने मरतं. ठेचा, दहा मिनिटं तसंच ठेवा, मग गार पाण्यात कालवून फडक्यातून नीट गाळा (नाहीतर नोजल चोंदलंच म्हणून समजा) आणि लगेच मारा, कारण ते टिकत नाही.

लवंगेचं, ओव्याचं तेल पण सांगतात, त्यातलं युजेनॉल आणि थायमॉल बुरशीला मारतं हे खरंय, पण पानालाही मारतं. मी एकदा अंदाजाने थेंब टाकून अख्ख्या वाफ्यावर मारलं, सकाळी पालक इस्त्री लागल्यासारखा. काहीही नवीन असलं की आधी चार पानांवर मारून दोन दिवस थांबा. आणि गंधक मारलं असेल तर निदान दोन आठवडे कुठलंही तेल मारू नका, पानं जळतात.

तंबाखूचा काढा मात्र पालेभाजीवर अजिबात नको, झाडपाल्याचं आहे म्हणून निकोटिन विषारी नसतं असं नाही.

आता केवडा असेल तर, खरं सांगायचं तर फवारणीपेक्षा पाण्याची पद्धत बदलल्याने मला जास्त फरक पडला. केवड्याला पानावर ओल लागते, गारवा आणि रात्रभर भिजलेलं पान मिळालं की झालं त्याचं काम. मी संध्याकाळी झारीने वरून पाणी घालायचो, ते बंद करून सकाळी बुडाशी घालायला लागलो, रोपं विरळ केली, डाग पडलेली खालची पानं खुडून वाफ्याबाहेर टाकली, आणि पुढच्या वेळी त्याच वाफ्यात पालक न लावता दुसरं काहीतरी लावलं. लसणाचं पाणी मारायचं तर शेजारच्या निरोगी रोपांवर मारा, सडलेल्यावर वाया घालवू नका.

काढणीच्या आधी चार-पाच दिवस तेल बंद करा, कडुनिंबाचा वास आणि कडवटपणा पानाला राहतो, लेट्यूस तर खाववत नाही.

पानाच्या खालच्या बाजूचा फोटो टाकता आला तर टाका, वरच्या बाजूच्या फोटोवरून मी पण चुकीन.