पट्टा काळा की टोक काळं? मुळशीच्या टाचणीबद्दल

ताई, मुळशीच्या ओढ्यावरचा तुमचा फोटो मोठा करून तीनदा पाहिला. ही लाल टाचणी (चतुराच्या जवळचा बारीक कीटक) म्हणजे आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘असुरक्षित’ ठरलेली ब्लॅक-टिप्ड बांबूटेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही. ही तिची बहीण, ब्लॅक-विंग्ड बांबूटेल. यादीत ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे सर्वांत कमी काळजीची.

घोटाळा झालाय तो मिटलेल्या पंखांमुळे. चारही पंखांवरचे डाग एकावर एक आलेत आणि मागे सगळं काळंच दिसतंय. पण त्या काळ्याच्याही पुढे, अगदी टोकाशी बघा: पंख काचेसारखा स्वच्छ आहे, त्यातून पलीकडचं गवताचं पातं दिसतंय. मध्ये रुंद पट्टा आणि टोक कोरं, म्हणजे डिस्पॅरोन्युरा क्वाड्रिमॅक्युलाटा, हे ब्लॅक-विंग्डचं शास्त्रीय नाव. नावाचा अर्थच ‘चार डागांची’, पंखागणिक एक. डिस्पॅरोन्युरा अपिकॅलिसचं, म्हणजे ब्लॅक-टिप्डचं, टोकच काळं असतं. ही झाली नराची ओळख. क्वाड्रिमॅक्युलाटाच्या मादीला पट्टा नसतो, म्हणून एकट्या मादीच्या फोटोवरून मी नाव सांगत नाही.

दुसरा पुरावा पत्त्याचा. क्वाड्रिमॅक्युलाटा 1842 पासून शास्त्राला माहीत आहे आणि द्वीपकल्पात बऱ्याच ओढ्या-नद्यांवर दिसते. अपिकॅलिसचं वर्णन कीटकशास्त्रज्ञ फ्रेझरने 1924 मध्ये केलं, आणि तिचं घर कोडगूतल्या कावेरीकाठी आणि त्या आसपास.

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर मात्र या दोघींना शोधत बसू नका. तिथे साचलेलं, उघडं पाणी. गवतात कोरोमंडल मार्श डार्ट ही पिवळी टाचणी भेटेल, तीही देखणी आहे. बांबूटेलना वाहतं पाणी, दगडगोटे आणि काठावर झाडांची सावली लागते. तुमच्या फोटोत मागे काठाची झुडपं तोडलेली दिसतात, ते बघून जीव हळहळला.

एक विनंती, आणि ती मनापासून. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तुम्ही हा फोटो अपिकॅलिस म्हणून टाकलाय, ते नाव आजच बदला. ‘असुरक्षित’ ठरवताना पाहिल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे आढळक्षेत्र: ते 20,000 चौरस किलोमीटरहून कमी आहे का, तुटक आहे का, घटतंय का. नकाशावर पुण्याजवळ एक चुकीचा ठिपका पडला, की कावेरीकाठची ती टाचणी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटायला लागते.