दीड लाखांच्या जागी एक लाखाची नोकरी घ्यावी का?

पुण्यातील एका वाचकांची सॉफ्टवेअर चाचणी विभागातील दीड लाख रुपये पगाराची नोकरी कपातीत गेली. चार महिन्यांनंतर त्यांना एक लाखाचा एकच प्रस्ताव आला असून शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा आहे. गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च 85 हजार आणि शिल्लक 3 लाख 40 हजार आहे. "एकदा कमी पगारावर गेलो, की पुन्हा वर येता येणार नाही," अशी भीती त्यांनी व्यक्त केली आहे.

आपली भीती निराधार नाही, कारण पुढची कंपनी शेवटची पगारपावती मागतेच. तरीही ही नोकरी आपण स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन पगारांतील फरक 50 हजारांचा दिसतो, पण हातात पडणारा फरक तेवढा नाही. नव्या करप्रणालीत 75 हजारांची प्रमाणित वजावट धरता वर्षाला 12 लाख 75 हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही, तर 18 लाखांवर उपकरासह 1 लाख 50 हजार 800 रुपये भरावे लागतात; त्यामुळे खरा फरक महिन्याला सुमारे साडेसदतीस हजारांचा उरतो. पीएफचे 1,800 आणि व्यवसायकराचे 200 वजा जाऊन आपल्या हाती 98 हजार येतील, म्हणजे घर चालून 13 हजार शिल्लक पडतील. याउलट आणखी चार महिने थांबलात, तर सगळी शिल्लक संपेल आणि 3 लाख 92 हजारांची मिळकत बुडेल. त्यानंतर अगदी जुन्याच पगाराची नोकरी लागली, तरी ती तूट भरून यायला साडेदहा महिने जातील. आणि ती लागेलच, याची हमी आज कोणी देऊ शकत नाही.

होकार देण्यापूर्वी मात्र नियुक्तीपत्रातील नोटीस पीरियडचे, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस काम करावे लागेल याचे, कलम नीट वाचा. नव्वद दिवसांची अट असेल, तर ताबडतोब माणूस हवा असलेली कंपनी आपल्यासाठी थांबणार नाही, आणि मग आपली भीती खरी ठरेल. पगारावर घासाघीस करण्यापेक्षा ही मुदत तीस दिवसांवर आणण्याचा आग्रह धरा, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल हे लेखी मागा आणि दोन वर्षांचा बाँड, म्हणजे तोवर नोकरी न सोडण्याचा करार, असल्यास सही करू नका. पदनाम जुन्या पदापेक्षा खालचे नसावे, कारण पगार कमी का झाला हे मंदीच्या काळात सांगता येते, पद का उतरले हे समजावणे अवघड जाते.

जुना पीएफ काढू नका, नव्या खात्यात वर्ग करून घ्या. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो, हे आपण गेले चार महिने अनुभवत आहात. म्हणून उरणाऱ्या 13 हजारांतून आधी कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी घ्या. थांबवलेली एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक, किमान सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 5 लाख 10 हजार, बाजूला पडल्यावरच सुरू करावी.