लाईट गेली की राउटर अ‍ॅडॉप्टरवरून 12 व्होल्टच्या बॅटरीवर नेणारा रिले (विजेवर पलटणारा स्विच) लावलाय, तरी राउटर रीस्टार्ट होतोय? मग कधी होतो, लाईट जाताना की येताना?

आधी हेच बघा. लगेच महागडा रिले आणू नका. साधा छोटा रिले 10-20 मिलिसेकंदांत पलटतो.

जाताना होत असेल, तर रिलेची कॉइल (त्याला ओढून धरणारी तारेची गुंडाळी) बहुधा अ‍ॅडॉप्टरच्या 12 व्होल्टवर आहे. लाईट गेल्यावर हे व्होल्ट हळूहळू उतरतात; बसलेला (अ‍ॅडॉप्टरकडे ओढलेला) रिले 3-4 व्होल्टपर्यंतही सुटत नाही, राउटर त्याआधीच मान टाकतो. नवशिक्यांची नेहमीची चूक! 230 व्होल्ट कॉइलचा रिले घ्या, वायरिंग मात्र वायरमनकडूनच.

येताना होत असेल, तर अ‍ॅडॉप्टर तयार होण्याआधीच रिले बसतोय. रिले उशिरा बसवणारा ऑन-डिले टायमर लावा, 3 सेकंदांचा.

मग:
- रिले पलटताना क्षणभर वीज तुटते, त्या फटीसाठी राउटरच्या बाजूला कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग). 1 अँपिअर, 20 मिलिसेकंद, 2 व्होल्ट घट: 10,000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा.
- बॅटरीच्या प्लसलगत फ्यूज.

मल्टिमीटर ही फट दाखवत नाही. जमलं तर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) मिळवा, नक्की सापडेल.